कोरडवाहू गावच्या परसात तेरडा
(शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



“तेरड्याचा रंग तीन दिवस” ही म्हण मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. क्षणिक उत्साहाला नावे ठेवताना तिचा हमखास उपयोग होतो. मात्र या म्हणीने तेरड्यावर थोडा अन्यायच केला आहे. त्याचे एकेक फूल दोन-तीन दिवसांत गळून पडते हे खरे. पण खालच्या पेरापासून वरच्या पेरापर्यंत फुलांचा क्रम महिनाभर तरी अखंड चालू राहतो. पुढे झाड वाळते आणि त्याचे बी आठ महिने उन्हाळा-हिवाळा सोशीत मातीत पडून राहते. मृगाचा पाऊस झाला की तेच बी पुन्हा डोके वर काढते. ज्याच्या नावाने चंचलपणाची म्हण पडली, त्या वनस्पतीच्या अंगी एवढा धीर आहे!

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत आपोआप उगवणारे हे नाजूक रानफूल सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर अशा कोरड्या जिल्ह्यांत घराच्या परसात किंवा शाळेच्या आवारात कसे वाढवावे, आणि ते वाढविण्यात केवळ शोभेपलीकडे कोणते हित आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

तेरड्याची ओळख

तेरडा ही वर्षायु वनस्पती आहे. उगवणे, फुलणे, बी धरणे आणि मरणे हे सारे ती एका पावसाळ्यात उरकते. खोड मांसल, पाणीदार आणि जवळजवळ पारदर्शक असते. पाने भाल्याच्या पात्यासारखी लांबट व कडेला दातेरी असतात. पानांच्या बगलेत गुलाबी, जांभळट, लाल किंवा पांढरी फुले येतात. फुलाच्या मागील बाजूस बारीक, वाकडी शेपटी असते. तीतच मध साठलेला असतो आणि त्यासाठीच मधमाश्या व फुलपाखरे फुलावर येतात.

स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली या वनस्पतीस ‘इंपेशन्स बाल्समिना’ असे शास्त्रीय नाव दिले. इंपेशन्स म्हणजे उतावीळ. पिकलेल्या बोंडाला नुसता स्पर्श झाला तरी ते तडकून बी दूरवर उडविते, म्हणून हे नाव. तेरड्याची मूळ भूमी भारत व म्यानमार हा प्रदेश होय. येथून तो जगभरच्या बागांत गेला आणि तेथे त्याचे दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचे अनेक वाण तयार झाले. बागेतील अशा वाणांना गुलमेंदी असेही म्हणतात. हे नाव सार्थ आहे, कारण मेंदीच्या पानांतील ज्या द्रव्याने हात रंगतात, ते द्रव्य तेरड्यातही आहे. कोरिया देशात तेरड्याच्या पाकळ्या वाटून नखे रंगविण्याची जुनी रीत आहे.

दुष्काळ चुकविणारी वनस्पती

कोरड्या प्रदेशातील वनस्पती दोन मार्गांनी जगतात. निवडुंग किंवा बाभूळ दुष्काळाला तोंड देऊन टिकतात. तेरड्यासारख्या वर्षायु वनस्पती दुष्काळ चुकवितात. पाणी असेल तेवढ्या दिवसांत त्या आयुष्य पुरे करतात आणि उरलेला काळ बियांच्या रूपाने काढतात. हे ध्यानात घेतले म्हणजे तेरड्याच्या लागवडीचे सूत्र सापडते. त्याला बारमाही जगविण्याचा खटाटोप करावयाचा नाही. पावसाळ्याच्या साधारण शंभर दिवसांत त्याचे आयुष्य नीट बसवून द्यावयाचे आहे.

कोकणात वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास असतो. तरीही पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्यातील खंडच तेरड्याला अधिक मारक ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवडे आभाळ कोरडे गेले आणि त्यात पश्चिमेचा वारा सुटला, की पाणीदार खोडाचे हे रोप मान टाकते. म्हणून वेळ, सावली आणि खंडातील पाणी या तीन गोष्टी सांभाळल्या, की निम्म्याहून अधिक काम होते.

पेरणीची वेळ

पेरणीपासून साधारण साठ ते सत्तर दिवसांत तेरड्याला फुले लागतात. गौरींचे आवाहन भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर होते. त्या सुमारास फुले हवी असल्यास वटपौर्णिमेनंतरच्या आठवड्यापासून आषाढाच्या प्रारंभापर्यंत पेरणी करावी. आषाढी एकादशीची वाट पाहिल्यास दिवस कमी पडतात. ज्या वर्षी आषाढ, श्रावण किंवा भाद्रपद अधिक येतो, त्या वर्षी पेरणी महिनाभर पुढे न्यावी.

सर्व बी एकाच दिवशी पेरू नये. निम्मे बी प्रथम आणि उरलेले बारा-पंधरा दिवसांनी पेरावे. कोरडवाहू शेतकऱ्याला पहिली पेरणी वाया जाण्याची धास्ती नेहमी असते. तीच सावधगिरी येथेही बाळगावी. दुसऱ्या पेरणीच्या रोपांचा आणखी एक लाभ आहे. या भागात सप्टेंबरचा पाऊस बहुधा सर्वांत भरवशाचा असतो, त्यामुळे उशिराची रोपे बी चांगले धरतात.

बी बारीक, गोल आणि तपकिरी असते. ते खोल पेरू नये. भुसभुशीत मातीवर टाकून वर बोटभर नव्हे, तर नुसता झाकण्यापुरता चाळलेल्या खताचा थर द्यावा. झारीने हलके पाणी द्यावे. धारेने बी वाहून जाते. सात ते दहा दिवसांत उगवण होते. रोपांना तीन-चार पाने आली, की दोन रोपांत वीतभर अंतर राहील अशी विरळणी करावी. मुळे नाजूक व उथळ असल्याने शक्यतो जागच्या जागीच पेरावे. रोपे उचलून लावावयाची असल्यास सायंकाळी, मातीच्या गोळ्यासह लावावीत.

जागा आणि माती

घराच्या पूर्वेकडील बाजू तेरड्याला सर्वांत मानवते. सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारनंतर भिंतीची सावली पडते. तशी जागा नसल्यास शेवग्याच्या विरळ सावलीत लावावा. दाट सावलीत मात्र रोपे लांबट होतात व फुले कमी येतात. पश्चिमेकडून वारा येत असेल, तर तुराट्यांचा किंवा कडब्याचा आडोसा करावा.

काळी, चिकण माती ओली झाली की पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तेरड्याला हे दोन्ही सोसत नाही. एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करून वाफा जमिनीपासून चार बोटे उंच ठेवावा. कुंडीत, जुन्या डब्यात किंवा फुटक्या माठातही हेच मिश्रण चालते. तळाला भोक मात्र हवे. युरियासारखे नत्रयुक्त खत देऊ नये. त्याने पाने माजतात आणि फुले पानांआड जातात.

रोपे वीतभर उंच झाली, की बुडाशी उसाचे पाचट, भुईमुगाची टरफले किंवा वाळला पाला यांचे दोन बोटे जाड आच्छादन घालावे. खोडाला मात्र ते चिकटू देऊ नये. कोरड्या भागात एवढ्या साध्या उपायाने पाण्याची मोठी बचत होते.

पाण्याचा हिशेब

जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे फुलांना पाणी घालणे शोभते काय, असा प्रश्न एखादा पंचायत सदस्य विचारील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावयास हवे.

तेरडा उन्हाळ्यात नसतोच. पाऊस वेळेवर असेल, तर त्याला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पाणी लागते ते खंडाच्या दिवसांत. एका रोपाला दररोज अर्धा लिटर धरले, तर वीस रोपांना दहा लिटर आणि तीन आठवड्यांच्या खंडाला सुमारे दोनशे दहा लिटर पाणी लागेल. आता दहा चौरस मीटर पत्र्याच्या छपराचा विचार करावा. त्यावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीचशे लिटर पाणी होते. पन्नास लिटर वाया गेले असे मानले, तरी दोनशे लिटरचे एक पिंप भरते. म्हणजे एका चांगल्या सरीत जवळजवळ संपूर्ण खंडाची सोय होते. यात तांदूळ व भाजी धुतलेल्या पाण्याची भर घातली, तर पिण्याच्या पाण्यातील थेंबही खर्चावा लागत नाही. साबणाचे पाणी तेवढे टाळावे. पिंपाचे तोंड घट्ट विणीच्या फडक्याने बांधावे. डासांना तेथे थारा मिळता कामा नये.

छपराच्या पाण्याचा दुसराही गुण आहे. अनेक गावांत विंधन विहिरीचे पाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्याने तेरड्याच्या पानांच्या कडा करपतात. पावसाचे पाणी गोडे असल्याने हा त्रास होत नाही.

पाणी घालताना एक चूक सर्रास होते. भर दुपारी तेरड्याची पाने मलूल होऊन लोंबतात. हे पाहून लगेच पाणी ओतले जाते. वास्तविक माती ओली असतानाही उन्हाच्या तापाने पाने अशी पडतात आणि सायंकाळी पुन्हा ताठ होतात. म्हणून आधी बोट मातीत खुपसून पाहावे. दोन पेरे खोल माती ओली असेल, तर पाणी देऊ नये. सायंकाळपर्यंत पाने सावरली नाहीत, तरच द्यावे. साचलेल्या पाण्याने खोड बुडाशी कुजते आणि कुजलेले रोप वाचत नाही.

रोग व कीड

पावसाळा सरताना दिवसा कोरडे ऊन व रात्री गारवा असला, की पानांवर पांढरी भुरी येते. दाटी असेल तेथे ती लवकर पसरते. विरळणी वेळेवर करणे हाच तिच्यावरचा पहिला उपाय. रोगट पाने काढून दूर टाकावीत. शेपटीकडे काट्यासारखे टोक असलेली मोठी अळी कधी एका रात्रीत पाने फस्त करते. ती एका मोठ्या पतंगाची अळी होय. हाताने वेचून तिला दूर नेऊन सोडले म्हणजे पुरे. फवारणीची गरज नाही. फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचा विचार करता ती टाळणेच योग्य.

रोपे विनाकारण खुरटली, तर एखादे उपटून मुळे पाहावीत. मुळांवर गाठी दिसल्यास ते सूत्रकृमींचे काम समजावे. वांगी-टोमॅटोलाही तोच उपद्रव होतो. म्हणून ज्या वाफ्यात ही पिके घेतली, त्यात तेरडा लावू नये. आणि तेरड्याचा वाफाही दरवर्षी बदलावा.

बी धरण्याची कला

वर्षायु वनस्पतीचे सारे भवितव्य त्या वर्षीच्या बियांत असते. आंब्याचा एका वर्षाचा मोहोर गळाला तरी झाड उरते. तेरड्याचे बी एका वर्षी पडले नाही, तर त्या जागी पुढील वर्षी तेरडा उगवेलच याची शाश्वती राहत नाही. म्हणून लागवड करणाऱ्याने फुलांइतकेच बोंडांकडे लक्ष दिले पाहिजे.

बोंड लवदार व दोन्ही टोकांना निमुळते असते. हिरवा रंग फिकट पिवळसर होऊ लागला, की ते पिकले. या वेळी त्याला धक्का लागला तर ते तडकून बी विखुरते. दोन उपाय करता येतात. पहिला, बोंडांवर जुन्या मलमलीची सैल पिशवी बांधून ठेवावी. दुसरा, बोंड मुठीत पूर्ण झाकून मगच देठापासून वेगळे करावे. मग ते मुठीतच फुटते. बी आठवडाभर सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत बांधावे, पुडीवर रंग व वर्ष लिहावे आणि ती कोरड्या बरणीत ठेवावी. काही बोंडे वाफ्यातच फुटू द्यावीत. अशा आपोआप पडलेल्या बियांतून पुढील पावसाळ्यात उगवणारी रोपे त्या जागेला सरावत जातात.

गौरीचा तेरडा आणि रानातला तेरडा

गौरीपूजनाच्या रीती प्रदेशागणिक वेगळ्या आहेत. मराठवाड्यात उभ्या महालक्ष्म्या बसवितात, तर कोकणात व घाटमाथ्यावर अनेक घरी तेरड्याची रोपे मुळांसह आणून त्यांचीच गौर मांडतात. तेरड्याची मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी श्रद्धा काही भागांत आहे. माहेरवाशिणीला रानातील ओल्या मातीसकट घरात आणण्याची ही कल्पना मोठी सुंदर आहे.

आता मात्र गौर मांडणारी घरे गावापासून दूर शहरांत गेली आहेत आणि सणाच्या आदल्या दिवशी बाजारात तेरड्याच्या जुड्यांचे ढीग लागतात. त्यांतील पुष्कळशी रोपे रानातून उपटलेली असतात. ती उपटण्याची वेळ कोणती? फुले नुकतीच उमलली आहेत आणि बोंडे अजून पिकलेली नाहीत, नेमकी ती. मुळांसह उपटलेले रोप बी टाकीत नाही. एखाद्या घराने चार रोपे नेल्याने रानाचे काही बिघडत नव्हते. एकाच उतारावरून गाडीभर रोपे निघाली, तर पुढच्या पिढीचे बीच तेथून उचलले जाते.

यावर श्रद्धेला धक्का लावण्याचे कारण नाही. परसात दोन वाफे करावेत. एक गौरीचा आणि दुसरा बियांचा. गौरीच्या वाफ्यातील रोपे मुळांसह खुशाल काढावीत. बियांच्या वाफ्याला दसऱ्यापर्यंत हात लावू नये. ज्यांना रानातूनच आणावे लागते, त्यांनी एकाच जागेची सारी रोपे न काढता बरीचशी मागे ठेवावीत.

आणखी एक दक्षता हवी. भारतात तेरड्याच्या प्रजातीतील दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी अनेक केवळ पश्चिम घाटातच आढळतात. सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा पश्चिम घाटातील इतर स्थळांसह २०१२ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथे गुलाबी गालिचा पसरविणारा तेरडा हा ‘इंपेशन्स लॉवाय’ या वेगळ्या जातीचा आहे. सड्यावरील पातळ माती, धुके आणि संततधार यांवर तो जगतो. कोरड्या गावच्या परसात तो रुजणार नाही. म्हणून सहलीला गेलेल्यांनी तेथील रोप किंवा बी आणण्याचा मोह टाळावा. तसेच परसातील दुहेरी पाकळ्यांच्या वाणाचे बी ‘निसर्ग समृद्ध करावा’ या भाबड्या हेतूने रानात वा पठारावर उधळू नये. रानाची घडी रानानेच बसविलेली असते.

शाळेतील धडा

शिक्षकांना तेरड्याइतके स्वस्त आणि बोलके शैक्षणिक साधन क्वचितच मिळेल. एक रोप मुळांसह काढून हळुवार धुवावे आणि लाल शाई मिसळलेल्या पाण्यात काही तास ठेवावे. पारदर्शक खोडातून लाल रेषा वर चढताना मुलांना डोळ्यांनी दिसतात. झाड पाणी कसे पिते, हे सांगण्यास मग फळ्यावरची आकृती लागत नाही.

फुलाच्या मध्यभागी प्रथम पुंकेसरांची एक टोपी दिसते. ती गळून पडल्यावरच खालील स्त्रीकेसर उघडा होतो. एकाच फुलात आधी नर व नंतर मादी अशी ही व्यवस्था आहे. मुलांनी एका फुलाला दोरा बांधून दररोज नोंद केली, तर त्यांना ती स्वतः शोधून काढता येते. बोंड फुटून बी किती फूट उडाले, हे मोजण्यात गणिताचा तास रंगतो. आणि “तीन दिवस” ही म्हण खरी की खोटी, हेही त्या नोंदवहीतूनच ठरवावे!

पंचायतीचे काम

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे, आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम आहे. अशा नोंदवहीत मोठ्या वृक्षांची नावे सहज येतात. पावसाळ्यात येऊन जाणारी लहान रोपे सुटून जातात. नोंद उन्हाळ्यात केली, तर तेरडा कागदावर येणारच कसा? म्हणून एक फेरी भाद्रपदात काढावी. गावच्या ओढ्याकाठी, बांधाच्या सावलीत तेरडा कोठे उगवतो, पूर्वी कोठे उगवत असे, हे वृद्ध स्त्रियांना विचारून लिहून ठेवावे. गौरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याच तो आणीत आल्या आहेत. ही माहिती त्यांच्याइतकी नेमकी दुसऱ्या कोणाजवळ नसते.

शाळेच्या परसबागेत भाजीपाल्याच्या कडेने तेरड्याची एक ओळ सहज बसते. फुलांवर येणाऱ्या मधमाश्या शेजारच्या दोडक्या-भोपळ्याच्या वेलींनाही उपयोगी पडतात. दसऱ्यानंतर बी गोळा करावे आणि पुढील वटपौर्णिमेला त्याच्या पुड्या गावातील घरोघरी वाटाव्यात. यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. एक वाफा, एक पिंप आणि दोन-चार जबाबदार विद्यार्थी पुरेसे आहेत.

पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात ज्वारी-तूर पिकविणाऱ्या माणसाला पाण्याचे मोल नव्याने शिकवावे लागत नाही. पडलेल्या सरीतील थोडे पाणी अडवून आणि मूठभर बी जपून एक देशी रानफूल गावात टिकविता येते. येत्या ज्येष्ठात ज्या घरी तेरड्याची पुडी पोहोचेल, त्या घरची गौर भाद्रपदात स्वतःच्याच अंगणातून येईल, आणि रानातल्या तेरड्याचे बी रानातच पडेल.